देणगी-परताव्याचे दावे : युनिफिकेशन चर्च, जपान

धार्मिक संस्थेतून बाहेर पडलेल्या अनुयायांनी किंवा त्यांच्या कुटुंबीयांनी, पूर्वी दिलेली देणगी परत मिळावी म्हणून केलेली मागणी, तडजोड वा दिवाणी दावा. स्वखुशीने दिलेले दान एरवी परत मागता येत नाही. ज्या श्रद्धेपोटी दान दिले ती खरी की खोटी, या वादातही न्यायालये पडत नाहीत. देणाऱ्याचे मन देतेवेळी मोकळे होते का, एवढेच ती पाहतात. जपानमध्ये युनिफिकेशन चर्चविरुद्धच्या दाव्यांतून या प्रश्नाची जवळपास चार दशके छाननी झाली. त्यातून नवे कायदे झाले आणि अखेर संस्थेच्या विसर्जनाचा आदेशही निघाला.

संस्था : सन म्युंग मून यांनी १९५४ मध्ये दक्षिण कोरियातील सेऊल येथे हा पंथ स्थापन केला. जपानमध्ये १९६४ मध्ये त्याला नोंदणीकृत धर्मसंस्थेचा दर्जा मिळाला आणि त्यासोबत करसवलतीही मिळाल्या. २०१५ मध्ये संस्थेने जपानमधील अधिकृत नाव बदलून जागतिक शांती व एकीकरणासाठी कुटुंब महासंघ अशा अर्थाचे नाव घेतले. पंथाच्या शिकवणुकीत कोरियाला आदमचे आणि जपानला हव्वेचे राष्ट्र मानले जाते. जपानने कोरियावर राज्य केले, त्या पापाचे परिमार्जन जपानी अनुयायांनी त्यागातून करावे, अशी या शिकवणुकीची मांडणी होती. जपानी शाखेवर पैसा उभारण्याचा मोठा भार पडला, त्यामागचे हे एक कारण.

पैसा उभारण्याची रीत : १९८० च्या दशकात संगमरवरी फुलदाण्या, नाममुद्रा आणि छोटे बौद्ध धाटणीचे स्तूप अवाच्या सवा किमतीला विकले जात. हस्तरेषा किंवा नावाची अक्षरे पाहून भविष्य सांगण्याच्या निमित्ताने ओळख काढायची. घरातले आजारपण, घटस्फोट, अपत्याचा मृत्यू यांची माहिती काढून घ्यायची. मग पूर्वजांचे पाप भोवते आहे आणि ही वस्तू घेतली तरच ते फिटेल असे सांगायचे, असा क्रम असे. वृत्तपत्रांनी या व्यापाराला ‘रेइकान शोहो’ हे नाव दिले. जपानी घरांत पूर्वजांच्या आत्म्यांविषयी असलेला आदर आणि धास्ती, दोन्हींचा त्यात वापर होई. पुढे वस्तूंची विक्री मागे पडली आणि थेट देणग्या मागितल्या जाऊ लागल्या. घर किंवा जमीन विकून, विम्याची रक्कम काढून, प्रसंगी कर्ज काढून लोकांनी पैसे दिल्याची उदाहरणे न्यायालयांपुढे आली.

प्रारंभीचे दावे : १९८७ मध्ये अशा प्रकरणांसाठी वकिलांचे देशव्यापी जाळे उभे राहिले. १९८७ ते २०२१ या काळात त्या जाळ्याकडे आणि सरकारी ग्राहक केंद्रांकडे मिळून ३४,५३७ तक्रारी आल्या. त्यांतील नुकसानीची रक्कम सुमारे १२,३७० कोटी येन होती. वस्तू विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या, विकणारे अनुयायी स्वतःच्या मनाने काम करणारे, तेव्हा आमचा संबंध नाही, हा संस्थेचा सुरुवातीचा मुख्य बचाव होता. २७ मे १९९४ रोजी फुकुओका जिल्हा न्यायालयाने हा बचाव देणगीच्या बाबतीत फेटाळला. नोकराच्या कृत्याला मालक जबाबदार असतो, त्याच तत्त्वाने अनुयायांनी बेकायदा रीतीने मिळवलेल्या देणगीला संस्था जबाबदार ठरते, असे या निकालाने मानले.

दुसरी वाट माजी अनुयायांनी काढली. साप्पोरो येथे १९८७ मध्ये सुरू झालेला दावा ‘आमचे तारुण्य परत द्या’ या नावाने ओळखला गेला. त्यात गेलेल्या पैशांसोबत गेलेल्या वर्षांचीही भरपाई मागितली होती. व्हिडिओ दाखवणाऱ्या केंद्रांत तरुणांना बोलावताना पंथाचे नाव लपवले जाई, आणि नाव कळेपर्यंत त्यांचे मन पुरते बांधले गेलेले असे, हा फिर्यादींचा मुद्दा होता. २९ जून २००१ रोजी साप्पोरो जिल्हा न्यायालयाने तो मान्य केला. आपण कोण आहोत हे लपवून धर्मप्रचार करणे समोरच्याच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला घालते, ही भूमिका पुढच्या अनेक दाव्यांना आधार ठरली.

२००९ मध्ये टोकियोतील नाममुद्रा विकणाऱ्या एका कंपनीवर फौजदारी कारवाई झाली आणि तिच्या प्रमुखाला शिक्षा झाली. संस्थेच्या जपानी अध्यक्षांनी राजीनामा दिला. यापुढे भीती घालून किंवा ऐपतीबाहेर देणगी मागणार नाही, असे संस्थेने त्या वर्षी जाहीर केले.

परतावा मागण्याची पद्धत : बहुतेक प्रकरणांची सुरुवात वकिलाच्या पत्राने होते. अनेकदा प्रकरण न्यायालयाबाहेर मिटते आणि मागितलेल्या रकमेचा काही भाग परत मिळतो. पुरावा हा मोठा अडथळा असतो. रक्कम रोख दिलेली असते आणि पावती नसते. बँकेतून काढलेल्या रकमांच्या नोंदी, रोजनिशी, कुटुंबीयांची साक्ष यांवरून ती सिद्ध करावी लागते. दुसरा अडथळा मुदतीचा. जपानी दिवाणी कायद्यानुसार नुकसान आणि ते करणारा कळल्यापासून ३ वर्षांत, किंवा कृत्यापासून २० वर्षांत दावा दाखल करावा लागतो. पंथात असेपर्यंत मात्र माणसाला आपले नुकसान झाले असे वाटतच नाही. म्हणून ३ वर्षांची मुदत संस्था सोडल्यानंतर किंवा वकिलाची भेट झाल्यानंतर सुरू झाली, असे फिर्यादींच्या वतीने मांडले जाते.

२०२२ नंतरचा काळ : ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिन्झो आबे यांची गोळ्या झाडून हत्या झाली. हल्लेखोराच्या आईने संस्थेला सुमारे १० कोटी येन दिले होते आणि कुटुंब दिवाळखोरीत गेले होते. त्यांतील सुमारे ५ कोटी येन नंतर परत केल्याचे संस्थेने सांगितले. हत्येनंतर आईवडिलांच्या श्रद्धेमुळे ज्यांचे शिक्षण थांबले आणि घर गेले, अशा ‘दुसऱ्या पिढी’ची मुले प्रथमच मोठ्या संख्येने बोलू लागली. सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकप्रतिनिधींचे संस्थेशी असलेले संबंधही उघड झाले.

१० डिसेंबर २०२२ रोजी देणगीसाठी अनुचित गळ घालण्यास प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला. ५ जानेवारी २०२३ पासून त्याचा बहुतांश भाग अमलात आला. जा म्हटले तरी घरातून न जाणे, समोरच्याला निघू न देणे, हेतू न सांगता निघता येणार नाही अशा ठिकाणी नेणे, धमकावून इतरांचा सल्ला घेऊ न देणे, प्रेमभावनेचा गैरफायदा घेणे, आणि दैवी ज्ञानाच्या आधारे संकटाची भीती घालणे, अशी सहा कृत्ये त्याने निषिद्ध केली. कर्ज काढून किंवा राहते घर विकून पैसे द्या, असे सांगण्यासही मनाई झाली. दैवी भीतीपोटी दिलेली देणगी रद्द करण्यासाठी गफलत लक्षात आल्यापासून ३ वर्षे किंवा दिल्यापासून १० वर्षे अशी मुदत ठरली. दात्यावर अवलंबून असलेली मुले व जोडीदार यांना आपल्या पोटगीच्या हक्कापुरती परताव्याची मागणी दात्याच्या वतीने करता येते. दाता अजून पंथातच असला, तरी ही वाट खुली राहते.

कायदा जुन्या देणग्यांना लागू नाही. मनावर दीर्घकाळ मिळवलेला ताबा त्याने थेट निषिद्ध केलेला नाही. दात्याची स्वतंत्र इच्छा दडपू नये, त्याचा आणि कुटुंबाचा उदरनिर्वाह अडचणीत आणू नये, कोणती संस्था पैसे घेते आहे हे लपवू नये, या गोष्टी ‘काळजी घ्यावी’ अशा कर्तव्यांच्या रूपात आल्या. पीडितांच्या वकिलांनी याच मुद्द्यावर कायद्याला अपुरे म्हटले.

‘दावा करणार नाही’ असे लेखी वचन : देणगी घेतल्यावर परतावा न मागण्याचे वचन लिहून घेण्याची प्रथा होती. १० कोटी येनच्या वर देणगी दिलेल्या एका वृद्धेने २०१५ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, असे वचन नोटरीपुढे दिले. त्याचे चित्रीकरणही झाले. काही महिन्यांतच तिला स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले. खालच्या दोन्ही न्यायालयांनी वचन ग्राह्य धरून दावा फेटाळला. ११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे वचन सार्वजनिक नीतीविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवले. वय, एकाकीपण, संस्थेचा प्रभाव आणि वचनातून होणारे एकतर्फी नुकसान या सर्वांचा एकत्रित विचार करावा, असे सांगून प्रकरण टोकियो उच्च न्यायालयाकडे परत पाठवले. दात्याची सही आणि चित्रफीत म्हणजे स्वेच्छेचा पुरावा, ही समजूत या निकालाने मोडली.

विसर्जनाचा आदेश : नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने धर्मसंस्था कायद्यातील माहिती मागवण्याचा अधिकार प्रथमच वापरला. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी विसर्जनासाठी टोकियो जिल्हा न्यायालयात अर्ज झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये पीडितांना सरकारी कायदेविषयक मदत मिळावी आणि संस्थेच्या मालमत्तेवर नजर राहावी यासाठी आणखी एक कायदा आला. मार्च २०२४ मध्ये संस्था त्याच्या कक्षेत घेतली गेली. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विसर्जनाचे कारण ठरणाऱ्या ‘कायदेभंगा’त दिवाणी अपकृत्येही मोडतात, असा निर्वाळा दिला. २५ मार्च २०२५ रोजी जिल्हा न्यायालयाने विसर्जनाचा आदेश काढला. त्यात १,५०० हून अधिक पीडित आणि सुमारे २,०४० कोटी येनचे नुकसान नमूद आहे. २००९ च्या जाहीर हमीनंतरही नुकसान थांबले नव्हते, असे न्यायालयाने म्हटले. याआधी कायदेभंगाच्या कारणावरून विसर्जित झालेल्या ओम शिनरिक्यो आणि म्योकाकुजी या दोन्ही संस्थांच्या प्रकरणांत पदाधिकाऱ्यांचे फौजदारी गुन्हे सिद्ध झाले होते. केवळ दिवाणी अपकृत्यांवर आधारलेला हा पहिला आदेश. संस्थेने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली.

विसर्जनाने कायदेशीर दर्जा आणि करसवलती जातात व मालमत्तेची विल्हेवाट लावून देणी भागवली जातात. अनुयायांच्या उपासनेवर मात्र बंदी येत नाही.

संस्थेची बाजू : देणग्या अनुयायांनी श्रद्धेने दिल्या, २००९ नंतर तक्रारी मोठ्या प्रमाणात घटल्या आणि विसर्जन हे धर्मस्वातंत्र्यावरील आक्रमण आहे, असे संस्थेचे म्हणणे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या अध्यक्षांनी परताव्यासाठी ६०० ते १,००० कोटी येनपर्यंतची रक्कम सरकारकडे ठेव म्हणून देण्याची तयारी दाखवली. अशी ठेव स्वीकारण्याची तरतूद कायद्यात नव्हती.

इतरत्र व भारतात : इंग्लंडमध्ये ऑलकार्ड विरुद्ध स्किनर (१८८७) या खटल्यात एका माजी जोगिणीने मठाला दिलेली संपत्ती परत मागितली. मठप्रमुखाचा तिच्यावरील अनुचित प्रभाव न्यायालयाने गृहीत धरला. मठ सोडल्यावर तिने सुमारे सहा वर्षे वाट पाहिली, म्हणून दावा मात्र फेटाळला गेला. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १६ मध्ये हेच तत्त्व आहे. दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असलेल्याने त्या स्थितीचा गैरफायदा घेतला, तर संमती मोकळी मानली जात नाही. मन्नू सिंग विरुद्ध उमादत पांडे (१८९०) या खटल्यात परलोकातील कल्याणासाठी एका वृद्धाने गुरूला दिलेली मालमत्ता अलाहाबाद उच्च न्यायालयाने याच आधारे परत मिळवून दिली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२६ नुसार, करार ज्या कारणांवरून रद्द करता येतो त्यांपैकी बहुतेक कारणांवरून दानही रद्द करता येते. असा दस्त रद्द करून घेण्यासाठी मुदत अधिनियम, १९६३ नुसार वस्तुस्थिती कळल्यापासून ३ वर्षे मिळतात.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे हा गुन्हा आहे. तो कायदा दोषीला शिक्षा देण्यासाठी आहे. गेलेला पैसा परत मिळवण्यासाठी दात्याला दिवाणी न्यायालयातच जावे लागते, आणि तिथे अनुचित प्रभाव सिद्ध करण्यासोबत मुदतही पाळावी लागते. विशेषतः दैवी भीतीपोटी दिलेल्या देणगीसाठी जपानने २०२२ मध्ये आखला तसा वेगळा दिवाणी मार्ग या कायद्यात नाही.