आमचें यंदाचें कादंबरीवाचन

पावसाळा एकदां पाताळगंगेच्या खोऱ्यांत उतरला म्हणजे आमच्यासारख्या मनुष्यास वाचनावांचून दुसरा उद्योग उरत नाहीं. रसायनी हें आमचें सध्यांचें वसतिस्थान. मोहोपाड्याच्या बाजारापर्यंत जावें म्हटलें तर छत्री उलटी होते, आणि खिडकींतून नेहमीं दिसणारा कर्नाळ्याचा सुळका दोन दोन दिवस ढगांआड नाहींसा होतो. अशा या सक्तीच्या एकांतवासांत यंदा आम्हीं एक व्रत घेतलें. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी कादंबरी शिकविली, तिच्या उदयास्तावर टिपणें लिहून दिलीं, आणि त्यांवर परीक्षाही घेतल्या. परंतु स्वभाषेंतील कादंबरी तिच्या जन्मापासून ओळीनें आम्हीं कधीं वाचली नव्हती. जी वाचली ती तुटक, आणि बहुधा कोणी चांगली म्हटली म्हणून. यंदा आषाढापासून भाद्रपदापर्यंत हें ऋण थोडेंसें फेडलें. त्या वाचनांत आमचीं कांहीं जुनीं मतें पक्कीं झालीं, व कांहीं साफ ढांसळलीं. ढांसळलेलीं मतें लपवून ठेवणें हें अध्यापकास शोभणारें नाहीं. म्हणून हा लेखप्रपंच.

बाणभट्टाच्या एका नायिकेचें नांव आपण या साऱ्या वाङ्मयप्रकारास दिलें, ही गोष्ट आम्हांस पूर्वीं चमत्कारिक वाटे. परंतु आरंभींच्या मराठी कादंबऱ्या वाचल्या म्हणजे तें नांव किती समर्पक होतें हें कळतें. १८६१ सालीं लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली. तींतील सज्जन इतके सज्जन आणि दुर्जन इतके दुर्जन, कीं एकाची दुसऱ्याशीं गांठ पडली तर पुढें काय होणार हें वाचकास आधींच ठाऊक असतें. संकटें येतात तीं टळण्याकरितांच येतात. हिच्यापासून अद्भुतरम्य कादंबऱ्यांची जी परंपरा सुरू झाली, तिची आम्ही वर्गांत नेहमीं थट्टा करीत आलों. थट्टेस जागा आहे, हें आमचें मत अजूनही आहे. मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली नव्हती. पुराण ऐकण्यास देऊळ लागतें, पुराणिक लागतो, चार श्रोते लागतात. 'मुक्तामाला' वाचण्यास एक दिवा आणि एक वाचक पुरे. एकट्यानें मनांतल्या मनांत गोष्ट वाचण्याची नवी संवय मराठी मनुष्यास ज्या पुस्तकांनीं लावली, त्यांत हीं पुस्तकें अग्रभागीं होतीं. पुढें हरिभाऊंस जो वाचक आयता मिळाला, तो याच शाळेंत शिकून तयार झालेला होता.

'मुक्तामाले'च्या चार वर्षें आधीं, म्हणजे १८५७ सालीं, बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' निघालें. रूढ मताप्रमाणें हीच मराठींतील पहिली कादंबरी होय. विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षीं, १८५६ सालीं, झाला होता. यमुना आपल्या पतीसह प्रवास करते, आणि गांवोगांवच्या विधवांच्या हकीगती तिच्या कानीं पडतात. शेवटीं वैधव्य तिच्याही वांट्यास येतें. लेखक ख्रिस्ती झालेले होते आणि आपल्या नव्या धर्माचा पुरस्कार त्यांनीं कोठेंही झांकलेला नाहीं. त्यामुळें हें पुस्तक कलेच्या दृष्टीनें उणें ठरविण्याचा प्रघात आहे, आणि तो अगदींच निराधार नव्हे. पात्रें बोलतात तेव्हां पुष्कळदां ग्रंथकर्ताच बोलत आहे असें वाटतें. पण योजना पाहावी! जिनें इतरांचें दुःख पाहुणी म्हणून पाहिलें, तिलाच शेवटीं त्या दुःखांत राहावयास लावणें, ही कल्पना साध्या बुद्धीची नव्हे. आमच्या मतें या पुस्तकाचा जीव त्यांतील उपदेशांत नसून या एका वळणांत आहे.

यानंतर तेहतीस वर्षांनीं मराठी कादंबरींत दुसरी यमुना आली. १८९० सालीं हरि नारायण आपट्यांचें 'करमणूक' साप्ताहिक सुरू झालें आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो' क्रमशः येऊं लागली. हिची नायिका यमू. दोन्ही नायिकांचें नांव एकच, दोघींच्या कथेंत वैधव्याचें दुःखही एकच. पण दोघींमधील अंतर म्हणजेच मराठी कादंबरीच्या पहिल्या तीन तपांचा इतिहास, असें म्हटल्यास चालेल. पहिली यमुना हिंडते, पाहते, ऐकते. बोलतो तो ग्रंथकर्ता. दुसरी यमू बहुतेक घरांत, माजघरांत, भिंतींच्या आंत असते. पण बोलते ती स्वतः. सारी कथा तिनेंच सांगितलेली आहे. मध्यंतरीं १८७९ सालीं रहाळकरांनीं 'नारायणराव आणि गोदावरी' लिहून शोकान्त शेवट करण्याचें धैर्य दाखविलें होतें. तथापि, आपली हकीगत आपणच सांगण्याचा अधिकार एका साध्या ब्राह्मण घरांतील मुलीस देणें, हें त्याहून मोठें धैर्य होतें. १८९१ सालीं संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यांत वादाचा केवढा धुरळा उडाला होता, हें इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. त्या वादांतील व्याख्यानें आज केवळ संशोधक वाचतात. यमूची कहाणी मात्र आमच्या घरीं यंदा श्रावणांत वाचली गेली, आणि तिच्या केशवपनाच्या प्रकरणापाशीं आम्हीं पुस्तक मिटून ठेवलें, तें दोन दिवस उघडवलें नाहीं. हरिभाऊंचा पाल्हाळ आम्हांस ठाऊक आहे. साप्ताहिकाचे रकाने भरावयाचे असत, हेंही दिसतें. पण ज्या पाल्हाळांत एक मुलगी डोळ्यांदेखत लहानाची मोठी होते, त्यास पाल्हाळ म्हणण्याची आमची आतां इच्छा नाहीं.

ऐतिहासिक कादंबरीविषयीं आमचें मत पूर्वींपेक्षां थोडें कठोर झालें आहे. १८७१ सालीं रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' आली, आणि शिवकालाची वाट मराठी कादंबरीस मोकळी झाली. हरिभाऊंच्या 'उषःकाला'ची थोरवी आम्ही मानतों. कारण विजापुरकरांचें अन्न खाल्लेला पिता आणि स्वराज्याकडे ओढला जाणारा पुत्र, यांपैकीं कोणासही त्यांनीं मूर्ख ठरविलेलें नाहीं. पुढील कित्येक लेखकांनीं मात्र तलवारींचा खणखणाट तेवढा उचलला. आमच्याच खालापूर तालुक्यांत चावणीजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाची फौज तेथें कोंडली. रायबाघन त्या फौजेबरोबर होती, आणि शरण जाण्याचा सल्ला तिनें दिला. तहानेनें आणि उकाड्यानें त्या अरण्यांत सैन्याचे काय हाल झाले, हें परमानंदाच्या 'शिवभारतां'त वाचावयास मिळतें. खिंडींत आम्ही उभे राहिलों तेव्हां मनांत आलें, कीं खानाचें काय झालें तें बखरी आणि काव्यें सांगतीलच. त्याच्या फौजेंतील एखाद्या भिस्त्याच्या रित्या पखालीची गोष्ट कादंबरीकारानें नाहीं सांगितली तर कोण सांगणार? इतिहासास जें लहान वाटतें, तेंच ऐतिहासिक कादंबरीचें खरें वतन होय. तें सोडून ती दरबारांतच बसून राहिली, तर इतिहासाची भालदार-चोपदार होण्यापलीकडे तिच्या हातून कांहीं होणार नाहीं.

आतां ज्या मताबद्दल आम्हांस लाज वाटते तें सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं वर्गांत एका विद्यार्थ्याच्या बाकावर वहीखालीं एक रहस्यकथा सांपडली. आम्हीं ती उचलून साऱ्या वर्गास दाखविली, आणि विनोद केला. मुलें हंसलीं, तो विद्यार्थी हंसला नाहीं. ही गोष्ट आम्ही विसरलोंही होतों. यंदा आमचे एक शेजारी, येथील कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार, आमच्या टेबलावरील पुस्तकांची चळत पाहून म्हणाले, "सर, यांत बाबूराव अर्नाळकर नाहींत!" आम्हीं कांहींसें हंसून 'नाहींत' म्हटलें. तेव्हां ते शांतपणें सांगूं लागले. शिक्षण सातवीपर्यंत, पुढें रातपाळी. भाड्यानें पुस्तकें देणाऱ्या दुकानांतून रोज एक रहस्यकथा आणावयाची आणि डोळा लागूं नये म्हणून विश्रांतीच्या वेळांत वाचावयाची. "काळापहाड नसता तर सर, शाळेंत शिकलेलीं अक्षरें मी विसरून गेलों असतों. तुम्ही सांगतां तीं पुस्तकें वाचायला आधीं वाचायची गोडी तर राहायला हवी ना?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

म्हणून बाबूरावांचीं पांच पुस्तकें आम्हीं मिळवून वाचलीं. १९०६ सालीं जन्मलेल्या आणि १९९६ सालीं निवर्तलेल्या या लेखकानें हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड हीं त्यांचीं मानसपुत्रांचीं नांवें एका काळीं घरोघर ठाऊक होतीं. त्या कथा उत्तम आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. योगायोग फार, स्वभावचित्रण जुजबी, आणि एक कथा मिटली कीं दुसरीशीं तिची सरमिसळ होते. पण वाक्य लहान, स्वच्छ आणि पुढें ओढणारें. पहिल्याच पानावर वाचकाचा हात धरला जातो, आणि दमलेल्या मनुष्यास लेखक कोठेंही हिणवीत नाहीं. हा शेवटचा गुण थोर थोर ग्रंथांतही नेहमीं आढळतो असें नाहीं. शिवाय, ज्या हरिभाऊंस आम्ही वास्तव कादंबरीचे जनक म्हणून वंदन करतों, त्यांचीही १८८५ सालची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' रेनॉल्ड्ससारख्या सनसनाटी इंग्रजी लेखकाच्या धर्तीवरच उभी राहिली होती. हें आम्हांस शिकवितांना ठाऊक होतें. पण त्याचा अर्थ आम्हीं कधीं लाविला नव्हता. प्रतिष्ठित वाङ्मयाचें पाणी पुष्कळदां अप्रतिष्ठित झऱ्यांतूनच आलेलें असतें.

गोपाळ नीळकंठ दांडेकरांची 'जैत रे जैत' आम्हीं मुद्दाम ढग उघडल्यावर, कर्नाळ्याचा सुळका समोर दिसत असतांना वाचली. १९७७ सालीं निघालेल्या बोलपटामुळें तिचें नांव सर्वांस परिचित आहे. मूळ पुस्तक तितकें वाचलें जात नाहीं. लिंगोबाच्या डोंगरावर आग्या माशांचीं पोळीं लटकतात, आणि नाग्या ठाकर त्यांच्या राणीशीं वैर धरतो, एवढ्या कथाबीजावर ही लहानशी कादंबरी उभी आहे. आजवर आम्हीं ठाकरवाड्या आगगाडीच्या खिडकींतून पाहिल्या होत्या. पहिल्या यमुनेप्रमाणें आम्हीही पर्यटकच. या पुस्तकांत तो डोंगर आणि तीं माणसें आंतून दिसतात. तरीही एक विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. दांडेकर प्रेमानें ऐकणारे होते, पण सांगणारे तेच. याच्या उलट अण्णाभाऊ साठ्यांनीं १९५९ च्या 'फकिरा'मध्यें आपल्याच माणसांची गोष्ट आपल्याच आवाजांत सांगितली. तींत कोठें कोठें भडक रंग आहे. पण त्या आवाजास उसनेपणाचा गंधही नाहीं. दोन यमुनांमधील अंतर तें हेंच.

राहतां राहिली विज्ञानकथा. रसायनींत राहून तिच्याकडे पाठ फिरविणें कृतघ्नपणाचें झालें असतें. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस 'कृष्णविवर' नांवाची एक कथा आली. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. खरे लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. जगद्विख्यात ज्योतिर्विदानें आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून, 'माझें नांव बाजूस ठेवा आणि गोष्ट तेवढी पाहा,' असें जणूं परीक्षकांस सांगितलें! कथेस बक्षीस मिळालें. नारळीकर २०२५ सालीं निवर्तले. त्यानंतर आम्हीं त्यांची 'प्रेषित' पुन्हां वाचली. माणसें पातळ आहेत, प्रश्न मात्र भरीव आहे, असें आमचें मत झालें. त्यांची पात्रें आठवत नाहींत, पण त्यांनीं विचारलेला प्रश्न रात्रीं निजूं देत नाहीं. एखाद्या वाङ्मयप्रकारानें त्याच्या अंगीं नसलेला गुण दाखवावा म्हणून हट्ट धरणें, हा टीकाकाराचा दोष आहे, ग्रंथकर्त्याचा नव्हे. हा दोष आम्हीं तीस वर्षें केला.

पुस्तकें मिटल्यावर आम्ही ओसरत्या पावसांत फिरावयास गेलों. या गांवाचें नांव कोणत्याही पुराणांत सांपडावयाचें नाहीं. तें रसायनांच्या कारखान्यांवरून पडलें. १९६० सालीं हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, भातशेतीच्या जागीं नळकांडीं आणि धुराडीं उभीं राहिलीं, वसाहत झाली, शाळा झाल्या. अग्निबाणाच्या इंधनास जाळणारें द्रव्य येथें तयार होऊं लागलें. २०१७ सालीं येथील बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. तेवढा अग्निबाणाच्या द्रव्याचा विभाग अवकाश संशोधन संस्थेकडे गेला. साठ वर्षांच्या आंत एका गांवाचा जन्म, भर आणि ओहोटी! यांत अद्भुत आहे, इतिहास आहे, विज्ञान आहे, आणि घरोघर एक सामाजिक कादंबरीही आहे. परंतु ज्याचें शेत गेलें आणि ज्याच्या मुलास त्याच शेतावरील कारखान्यांत नोकरी लागली, व पुढें तीही गेली, तो मनुष्य आम्हीं यंदा वाचलेल्या एकाही कादंबरींत आम्हांस भेटला नाहीं.

तो आमच्या शेजारींच राहतो. परवां आम्हीं त्यांस 'पण लक्षांत कोण घेतो' वाचावयास दिली. चार दिवसांनीं पुस्तक परत करतांना ते इतकेंच म्हणाले, "सर, पोरीला शेवटीं कुणीतरी बोलूं दिलें, हें बरें झालें." आम्हीं त्यांच्यापुढें एक कोरी वही ठेवली आणि रातपाळीच्या आठवणी लिहिण्याची विनंति केली. ते हंसले, आपणांस लिहितां येत नाहीं म्हणाले. वही मात्र घेऊन गेले. तिचें पुढें काय होईल तें होवो. आमच्या यंदाच्या वाचनाची फलश्रुति आम्ही त्या वहींतच मानतों.