मंडईतली दंडार आणि मेक्सिकोचा ठेका

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार रंगते. झाडीपट्टीच्या या नाचाचा ठेका व्हायोलिन-ट्रम्पेटच्या भल्यामोठ्या वाद्यवृंदाला पेलेल का? याचे एक उत्तर दूर मेक्सिकोत मिळते.

‘दान्सोन’ हा जोडीने करायचा नाच मूळचा क्यूबाचा. १८७९ साली मिगेल फाइल्दे यांनी मातान्सास शहरात त्याची पहिली गाजलेली रचना सादर केली. पुढे वेराक्रुझ बंदरातून तो मेक्सिकोत आला आणि तिथल्या नाचघरांत रुजला. संगीतकार आर्तुरो मार्केस (जन्म १९५०) या नाचघरांत गेले, नाचणाऱ्यांकडून शिकले. त्यातून ‘दान्सोन क्रमांक २’ ही वाद्यवृंदरचना घडली. १९९४ मध्ये ती मेक्सिको शहरात प्रथम वाजली आणि पुढे जगभर पोहोचली. तिच्यात क्लॅरिनेट गाते, पण ठेका धरतात त्या दोन साध्या लाकडी दांड्याच!

आपल्याकडे अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी (२०१६) अमेरिकेत सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला. सूर परदेशी वाद्यांचे, चाल मात्र मराठी मातीची.

मात्र एक गोष्ट विसरू नये. मेक्सिकोत आजही लोक चौकाचौकात दान्सोन नाचतात. मार्केस यांना शिकवायला नाचणारे होते, म्हणून ती रचना झाली. दंडारीलाही उद्या असा संगीतकार भेटेल. तो येईल तेव्हा मंडईच्या रात्री नाचणारे पाय तेवढे शिल्लक हवेत.