क्रीडा-दुखापतीनंतरचा मानसिक ताण

खेळातील दुखापतीतून बरे होताना खेळाडूला जाणवणारा भावनिक व वैचारिक ताण (→ क्रीडामानसशास्त्र). आरंभीच्या अभ्यासकांनी एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांची १९६९ मधील, मुळात मरणासन्न रुग्णांसंबंधीची पाच अवस्थांची कल्पना येथे लागू केली. परंतु खेळाडूंच्या प्रतिक्रिया ठरावीक क्रमाने घडत नसल्याने वीस-ब्यॉर्नस्टाल व सहकाऱ्यांचे १९९८ मधील, खेळाडू दुखापतीचा अर्थ कसा लावतो यावर भर देणारे प्रतिमान पुढे अधिक ग्राह्य ठरले. चिडचिड, निद्रानाश, संघापासून तुटल्याची जाणीव आणि, ज्यांची ओळखच खेळाशी जखडलेली असते अशांत, नैराश्य (→ नैराश्य) ही लक्षणे आढळतात. पुन्हा दुखापत होण्याची भीती मात्र बहुधा उशिरा, मैदानावर परतण्याच्या सुमारास बळावते व त्यामुळे हालचालींत ताठरपणा येऊन लक्ष विचलित होते. गुडघ्यातील एसीएल (मांडीचे व नडगीचे हाड जोडणारा अस्थिबंध) याच्या शस्त्रक्रियेनंतर या भीतीचा विशेष अभ्यास झाला आहे: २०१४ मधील एका व्यापक आढाव्यानुसार ८१ टक्के रुग्ण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले, स्पर्धात्मक खेळाकडे मात्र ५५ टक्केच, आणि ही तफावत केवळ गुडघ्याच्या ताकदीवरून उलगडत नाही. त्यामुळे खेळाडूची मानसिक सिद्धता मोजणारी, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली १२ प्रश्नांची मापनश्रेणी परतीच्या निर्णयात शारीरिक चाचण्यांच्या (→ भौतिकोपचार) जोडीने वापरली जाते.