कुंडीतली माती दरवर्षी फेकू नका! घरच्या घरी ‘जिवंत माती’ कशी बनवायची आणि वर्षानुवर्षे कशी टिकवायची

परसबागेत, ओसरीवर किंवा शेडनेटखाली ग्रो बॅगमध्ये भाजीपाला लावणाऱ्यांचा अनुभव बहुतेक सारखाच असतो. पहिल्या हंगामात टोमॅटो, मिरची जोरात येते. दुसऱ्या हंगामात झाडं खुरटतात, पानं पिवळी पडतात, माती दगडासारखी घट्ट होते. मग ती माती उकिरड्यावर जाते आणि नवीन पिशव्या विकत आणल्या जातात. रोपवाटिका चालवणाऱ्या बचत गटांचा तर निम्मा नफा या माती-खतातच जिरतो.

खरं तर माती कधी ‘संपत’ नाही. तिच्यातले जीव उपाशी मरतात. शेणखत, पालापाचोळा, पेंड हे झाडाचं थेट अन्न नव्हे. ते आधी जिवाणू, बुरशी आणि गांडुळं खातात आणि त्यांच्या पचनातून झाडाला लागणारं नत्र, स्फुरद, पालाश मोकळं होतं. ही साखळी चालू असलेल्या मातीला ‘जिवंत माती’ म्हणतात. ती एकदा नीट जमली की दर हंगामाला फक्त वरून खाऊ घालायचं, माती बदलायची नाही.

मोबाइलवर ‘लिव्हिंग सॉइल’ असं शोधलं की बरेच व्हिडिओ अमेरिका-कॅनडात घरात केल्या जाणाऱ्या गांजाच्या लागवडीचे निघतात. कॅनडात २०१८ पासून ती कायद्याने चालते. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार विनापरवाना गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. झाड कुंडीत लावलं म्हणून सुटका होत नाही. त्या व्हिडिओतली माती बनवण्याची पद्धत मात्र मिरची, टोमॅटो, वांगी, पालक यांना जशीच्या तशी लागू पडते. त्यात सांगितलेलं पीट मॉस, प्युमिस, समुद्री शेवाळ ऑनलाइन मागवत बसण्याची गरज नाही. तेच काम करणारा माल तालुक्यातच मिळतो.

मिश्रणात काय घ्यावे?

माप म्हणून गवंडीकामाचं घमेलं सोयीचं पडतं. १२ x १२ इंचाच्या साधारण सहा ग्रो बॅग भरण्यासाठी चार घमेली चाळलेली माती, चार घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन घमेली भिजवून फुललेलं कोकोपीट आणि दोन घमेली भाताचा तूस असा हिशेब धरावा. त्यात अर्धा किलो निंबोळी पेंड आणि दोन-तीन किलो खडी क्रशरवरची बारीक भुकटी मिसळावी.

माती कोणती, यावर निम्मं यश अवलंबून आहे. काळी माती शेतात सोनं असली तरी पिशवीत ती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळांचा श्वास कोंडते. काळीशिवाय दुसरी मातीच नसेल तर ती तीनच घमेली घ्यावी आणि तूस एक घमेलं वाढवावा. तळ्यातला किंवा धरणातला गाळ सुपीक असतो, पण नुसता गाळ वापरला तर तो चिकटून बसतो. पोयटा किंवा तांबडी माती सगळ्यात बरी. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तांबडी माती आम्लधर्मी असते, तिथे मूठ-दोन मूठ चुलीतली राख चालते. काळ्या मातीच्या पट्ट्यात राख आणि चुना अजिबात टाकू नये. तिथली माती आणि बोअरचं पाणी आधीच अल्कधर्मी असतं. शंका असेल तर जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत नमुना द्यावा. सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला की भाजीपाल्याला पुरतो.

तूस कशाला? तर हवा खेळावी म्हणून. तो लवकर कुजत नाही, त्यामुळे मातीत फटी टिकून राहतात. राईस मिल जवळ नसेल तर विटांचा चुरा किंवा लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे वापरता येतात. कोळसा मात्र आधी दोन दिवस जीवामृतात भिजवावा, नाहीतर तोच मातीतलं अन्न शोषून घेतो. लाकडाचा ताजा भुसा टाळावा. तो कुजताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं.

कोकोपीटची वीट पाण्यात फुगवून ते पाणी फेकून द्यावं आणि पुन्हा एकदा धुवावं. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. न धुता वापरलं तर कोवळ्या रोपांची पानं कडेने करपतात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

क्रशरची भुकटी वाचून काहींना नवल वाटेल. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या दगडात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असतं आणि जिवाणू ते अगदी सावकाश मोकळं करतात. परदेशात हीच भुकटी पिशवीत भरून विकली जाते. आपल्याकडे ती क्रशरवर मिळते, फक्त डांबर मिसळलेली नको.

शेणखताची घाई नडते

जिवंत माती बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अर्धवट कुजलेलं शेणखत. ते पिशवीत गरम होतं, मुळं भाजतात. त्याहून वाईट म्हणजे त्यातून हुमणीची अळी येते. उसात धुमाकूळ घालणारी हीच पांढरी अळी पिशवीतली सगळी मुळं खाऊन टाकते आणि झाड उपटलं की अलगद हातात येतं. खत काळं-तपकिरी, भुसभुशीत आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासाचं असेल तरच घ्यावं. शेणाचा वास येत असेल तर अजून दोन-तीन महिने थांबावं. प्रत्येक घमेलं चाळूनच टाकावं, म्हणजे अळ्या आणि अंडी हाताला लागतात.

पेंडीच्या बाबतीत एक धोका लक्षात ठेवावा. एरंडी पेंड खत म्हणून चांगली असली तरी कुत्र्या-मांजरांना आणि गुरांना ती विषारी आहे. वासाने कुत्री पिशव्या उकरतात आणि खाऊन मरतात. दारात जनावर असेल तर निंबोळी पेंडच वापरावी. शेंगदाणा पेंड गव्हाणीतच बरी, पिशवीत टाकली की उंदीर येतात.

मिसळल्यावर लगेच लावू नका

सगळं ताडपत्रीवर दोन-तीनदा खालीवर करून पाणी शिंपडावं. मूठभर मिश्रण दाबलं तर लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून एखाद-दुसरा थेंबच यावा. धार लागली तर पाणी जास्त झालं. ढीग सावलीत करून ओल्या गोणपाटाने झाकावा आणि आठवड्यातून एकदा पालटावा. पहिल्या आठवड्यात पेंडीमुळे ढीग तापतो. लोखंडी सळई मध्यभागी खुपसून दहा मिनिटांनी काढावी. ती कोमट लागत असेल तोवर रोप लावू नये. साधारण तीन ते चार आठवडे लागतात.

ढीग थंडावला की ट्रायकोडर्मा मिसळावं. शंभर किलो शेणखताला एक किलो हे प्रमाण धरलं तर वरच्या मिश्रणाला पाव किलोच्या आसपास पुरतं. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. पाकिटावरची मुदत पाहूनच घ्यावं. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे, म्हणून नंतर त्या मातीत कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक ओतलं तर पैसे पाण्यात.

रोजची देखभाल

पिशवीचं तोंड उघडं ठेवू नये. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, वाळका पाला, जे मिळेल त्याचं दोन इंच आच्छादन हवंच. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात काळी पिशवी तव्यासारखी तापते आणि आतली गांडुळं मरतात. पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवाव्यात आणि पश्चिमेच्या बाजूला गोणपाट किंवा शेडनेट लावावं. माती पूर्ण कोरडी पडू देऊ नये. लग्नसराईत आठ दिवस घराला कुलूप लागणार असेल तर पिशवीत छोटं, न भाजलेलं नव्हे तर भाजलेलंच पण बिनरंगाचं मातीचं मडकं पुरून पाण्याने भरून झाकावं. ते हळूहळू पाझरत राहतं.

नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असेल तर ते पाणी रात्रभर उघड्या पिंपात ठेवून सकाळी द्यावं. जंतू मारण्यासाठीच ती टाकलेली असते, मातीतल्या जंतूंना ती ओळखत नाही. बोअरच्या पाण्याने वर पांढरा थर साचू लागला तर क्षार वाढले असं समजावं. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पिंपात धरून पिशवीतून भरपूर वाहू द्यावं. तळाला भोकं मोकळी असली तरच क्षार बाहेर पडतात.

जीवामृत महिन्यातून एक-दोनदा पुरतं. पद्मश्री सुभाष पाळेकर यांनी गावागावांत पोहोचवलेल्या दोनशे लिटरच्या कृतीचं घरगुती माप असं: वीस लिटर पाण्यात एक किलो ताजं देशी गाईचं शेण, एक लिटर गोमूत्र, दीडशे ग्रॅम गूळ, दीडशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळावं, दोन दिवसांनी गाळून ओल्या मातीतच द्यावं आणि आठवड्याच्या आत संपवावं. सडका वास आला तर ते उकिरड्यावर टाकावं, पिशवीत नाही.

वाढ मंद दिसली की ‘चिमूटभर युरिया’ टाकण्याचा मोह होतो. शेतात चिमूट कुठल्या कुठे विरते. पिशवीतल्या थोड्याशा मातीत ती मुळांवर बसते. त्याऐवजी दोन मुठी गांडूळखत वरून पसरून आच्छादन परत ओढावं.

पीक निघाल्यावर

झाड उपटू नये. बुंधा मातीलगत कापावा आणि मुळं आतच ठेवावीत. ती कुजली की त्यांच्या जागी हवा-पाण्याच्या वाटा तयार होतात. वरून दोन इंच गांडूळखत आणि पिशवीमागे ५० ग्रॅम निंबोळी पेंड पसरून, आच्छादन घालून माती दोन-तीन आठवडे ओलसर ठेवावी. टोमॅटो, वांगी, मिरची ही एकाच कुळातली पिकं आहेत. त्यांच्यामागे तीच न लावता मेथी, चवळी किंवा घेवडा घ्यावा.

याला एक अपवाद आहे. झाड मर रोगाने गेलं असेल किंवा मुळांवर गाठी दिसत असतील, म्हणजे सूत्रकृमी असतील, तर सगळी मुळं वेचून जाळावीत. ती माती उन्हाळ्यात ओली करून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली अर्धा फूट जाडीने पसरून चार ते सहा आठवडे तापवावी. त्यात चांगले जीवही मरतात, म्हणून नंतर खत आणि ट्रायकोडर्मा नव्याने मिसळावं लागतं. पहिलं पीक झेंडूचं घेतलं तर सूत्रकृमी आणखी कमी होतात.

आच्छादनाखाली पांढरी बुरशी किंवा पावसाळ्यात छत्र्या उगवल्या तर घाबरून औषध मारू नये. माती काम करतेय, एवढाच त्याचा अर्थ. फक्त त्या छत्र्या कोणी भाजीला नेऊ नयेत. बारीक काळ्या माश्या उडू लागल्या तर पाणी जास्त होतंय. दोन दिवस पाणी तोडावं आणि पिवळं चिकट कार्ड टांगावं.