तांत्रिक मदतीच्या नावाखालील फसवणूक

संगणकात व्हायरस शिरला आहे किंवा खाते बंद पडणार आहे अशी भीती घालायची, दुरुस्तीच्या बहाण्याने त्या संगणकाचा किंवा मोबाइलचा दुरून ताबा घ्यायचा आणि पैसे काढायचे, असा हा सायबर गुन्हा. त्यासाठी वापरली जाणारी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही अ‍ॅप अस्सल असतात. कार्यालयांतले संगणक दुरुस्त करणारेही तीच वापरतात. त्यामुळे अँटीव्हायरस बहुधा गप्प राहतो. खोटा असतो तो बोलणारा.

अमेरिका-ब्रिटनमधला जुना प्रकार मायक्रोसॉफ्टच्या नावाने येणाऱ्या फोनचा. विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावून त्यातल्या लाल-पिवळ्या खुणांच्या नोंदी व्हायरसचा पुरावा म्हणून दाखवल्या जात. अशा नोंदी धडधाकट संगणकातही असतातच. पुढे स्क्रीन व्यापणारा इशारा आणि त्यात फोन नंबर, ही पद्धत आली. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. याहून पक्की खूण नाही. असे फोन करणारी अनेक कॉल सेंटरे भारतात निघाली. ऑक्टोबर २०२३मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये अशा टोळ्यांवर छापे घातले.

भारतीय ग्राहकाला गाठताना निमित्त बदलते: केवायसी, थकलेले वीजबिल, अडकलेला रिफंड. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. अ‍ॅपमध्ये दिसणारा आकडा सांगून परवानगी दिली, की आलेला ओटीपी पलीकडच्यालाही वाचता येतो. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हा सल्ला इथे तोकडा पडतो, कारण तो सांगावाच लागत नाही. अनोळखी फोन टाळूनही भागत नाही. इंटरनेटवर सापडलेल्या बनावट कस्टमर केअर नंबरवर माणूस आपणहून फोन करतो. नंबर बँकेच्या कार्डावरून किंवा पासबुकावरून घ्यावा.

ताबा दिला गेल्याचे लक्षात येताच इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते, कार्ड व यूपीआय थांबवावे आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रक्कम खात्या-खात्यांतून झपाट्याने फिरवली जाते. उशीर झाला की ती गोठवणे अवघड होते. मेसेज व व्यवहारांच्या नोंदी जपून ठेवाव्यात, अ‍ॅप काढून टाकावे आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. गेलेले पैसे फी घेऊन परत मिळवून देतो म्हणणारा बहुधा त्याच धंद्यातला असतो.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकाच्याच माथी ठेवले, कळवल्यानंतरचे बँकेच्या.