महावीराचार्यांची अंकमाला

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या कारकिर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन गणितज्ञ महावीराचार्य यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. ज्योतिषापासून वेगळा, केवळ गणितास वाहिलेला असा हा ग्रंथ होय. त्यातील गुणाकाराच्या विवेचनात काही विलक्षण उदाहरणे आहेत. त्यांची उत्तरे डावीकडून वाचा वा उजवीकडून, संख्या तीच राहते. आचार्यांनी त्यांस कंठ्याची उपमा दिली आहे.

१३९ × १०९ = १५१५१ हा लहानसा कंठा. २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हा त्याहून मोठा. एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही संख्या म्हणजे सहा वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग. त्या सहा एकांचे अवयव ३, ७, ११, १३ व ३७. पैकी ३ × ७ = २१ आणि २१ चा वर्ग ४४१. उरलेल्या तिघांचा गुणाकार ५२९१ आणि त्याचा वर्ग २७९९४६८१. म्हणजे आचार्यांनी दिलेले दोन्ही गुणक स्वतःही पूर्ण वर्गच आहेत. सहा एकांचा सरळ वर्ग मांडला असता, तर कंठा आधीच दिसला असता. येथे तो शेवटचा अंक लिहीपर्यंत झाकलेला राहतो.

ही शोभा नऊ एकांपर्यंतच टिकते. दहा एकांचा वर्ग करताना मधल्या स्थानी दहाची बेरीज येते, हातचा पुढे जातो आणि माळ तुटते.

३३३३३३६६६६६७ × ३३ = ११००००११००००११ हे आणखी एक उदाहरण. उत्तर चौदा अंकी आहे. समअंकी उलटसुलट संख्येस ११ ने नेहमीच पूर्ण भाग जातो. शिवाय अंकांची बेरीज ६ असल्याने ३ नेही भाग जातो. ३३ हा गुणक कोठून आला, हे यावरून ध्यानी येते.

हा निव्वळ बुद्धिविलास होता काय? आमच्या कापडाच्या व्यवसायात जमा व नावे जुळल्याखेरीज वही मिटत नाही. या उदाहरणांतही तोच गुण आहे. विद्यार्थ्याच्या हातून एक अंक चुकला, तर माळ बिघडते आणि चूक तत्काळ कळते. गुरूस विचारावे लागत नाही. शिवाय त्या काळी संख्या श्लोकांत शब्दांनी गुंफल्या जात. शतकानुशतके हस्तलिखितांच्या नकला होत असता एखादा शब्द बदलला, तर उत्तराची सममिती त्याची साक्ष देते. अलंकार आणि पडताळा येथे एकच झाले आहेत.

हा ग्रंथ १९१२ साली मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. पुढे १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने तो हिंदी अनुवादासह प्रकाशित केला. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी ओवलेली ही माळ आजही कागद-पेन्सिल घेऊन कोणासही तपासता येते. सुज्ञ वाचकांनी मुला-नातवंडांसह हा गुणाकार एकदा स्वहस्ते करून पाहावा.