चढ्या भावाचा माल

जानेवारी १९५८. नांदेड, वजिराबाद. हॉटेलातल्या बाकड्यावर बसून तुम्ही बशीतला चहा फुंकताय. फळीवरचा रेडिओ तापायला वेळ घेतो; आधी नुसती खरखर, मग माणसाचा आवाज. तिकडं अमेरिकेत सीबीएसवर जॉनी डॉलर नावाचा विमा तपासनीस खोटे दावे हुडकतो आणि शेवटी खर्चाचा हिशेब कंपनीच्या अंगावर टाकतो. नांदेडात तो लागत नाही. लागायची गरजही नाही, कारण इथं बातम्यांतच विम्याचं प्रकरण रंगलंय.

आयुर्विमा महामंडळ जेमतेम सोळा महिन्यांचं. २४५ खासगी विमा संस्था एकत्र करून उभं केलेलं. त्यानं जून १९५७ मध्ये हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले, तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत ते उकरून काढलं. आता मुंबईत न्यायमूर्ती छागला उघड चौकशी घेतायत. आत गर्दी मावेना, म्हणून बाहेर कर्णे लावलेत म्हणे! नाटकाला अशी गर्दी व्हावी.

जॉनीच्या गोष्टीत संशय बहुधा विमेदारावर. इथं लुटला गेला तोच. तुमचा हात नकळत खिशातल्या हप्त्याच्या पावतीकडं जातो.

दुसऱ्या दिवशी मोटारीनं लातूर. गंजगोलाईत तुरीची आवक सुरू झालीय, पोत्यांतून वाट काढत तुम्ही एका आडतीवर टेकता. मुंबईचा शिळा पेपर कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शी लाइटनं आलाय. मुनीमजी चष्मा कपाळावर सरकवतात.

"बाजारात भाव कमी असताना चढ्या भावानं माल कोण घेतं, सांगा?"

"येडा?"

"येडा नाहीतर भागीदार. मुंदडा काय चोरून आला होता? दार आतून उघडलं की."

अर्थसचिव एच. एम. पटेल म्हणतात, मंत्र्यांची संमती होती. अर्थमंत्री कृष्णम्माचारी म्हणतात, नव्हती. "आमच्याकडं असं झालं तर दोघांनाबी वही दाखवावी लागते," मुनीमजी म्हणतात.

तुम्ही पुढच्या काळातून आलात. फेब्रुवारीत कृष्णम्माचारी राजीनामा देणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते ओठांवर येतं, पण बोलायचं कसं?

"मग मुनीमजी, तुम्ही हप्ता भरणार का?"

ते टाक दौतीत बुडवतात, तुरीचा भाव लिहितात.

"भरायचा. न भरून पॉलिसी कुणाची बुडंल? माझीच ना."